खरखर

डिल्विन, आज सकाळी सहाला स्टेशन सुरू झालं.
गालिच्यांच्या बंद दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर.
जिना चढताना अजून लोकरीचा वास येतो,
आणि वरच्या चौकटीवर कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं तसंच आहे :
बारा बाय नऊ, मिसेस बेव्हन, निळा.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले.
आयर्लिसनं शाळेच्या स्वयंपाकघरातून सात महिने ते घरी नेले,
कोटाखाली, चोरटीसारखे.
कोणी विचारलंच नाही, याचं तिला अजून वाईट वाटतं.

परवान्याचा अर्ज चव्वेचाळीस पानी.
एक प्रश्न होता : आपल्या सेवेचा समाजाला उपयोग काय?
मी लिहिलं, मोठा आवाज.
हेविननं ते खोडून काहीतरी शहाण्यासारखं लिहिलं,
म्हणून परवाना आला.

त्र्याऐंशी साली कसला अर्ज!
ट्रकची बॅटरी पाठीवर घेऊन तू टेकडी चढायचास,
ॲसिडनं जाकिटाला भोकं पडली
तर ती फॅशन म्हणून गावभर मिरवलीस.
रविवारी चॅपल सुटलेली माणसं घरी पोचेपर्यंत आपण थांबायचो,
मग चाळीस मिनिटं नुसता धिंगाणा.
मग खाली रस्त्यावर पोलिसांचा निळा दिवा.
मेंढ्या तेवढ्या शेवटपर्यंत ऐकत उभ्या.

आणि आठवतं, दरीत उतरलं की आवाज कसा विरायचा?
आधी गिटार जायची, मग गाणारा,
मग बराच वेळ फक्त तुझा ड्रम,
खरखरीत बुडताना हात वर धरल्यासारखा.

आता तसं नाही.
हेविन म्हणतो, डिजिटलला उतार नसतो, कडा असतो.
एकतर लख्ख ऐकू येतं, नाहीतर काहीच नाही.
मी गप्प बसलो.
शुक्रवारी दुपारी तू नर्सशी फुटबॉलवरून भांडत होतास.
त्याच इमारतीच्या छपरावर आता आपला ट्रान्समीटर आहे,
गावात तेवढीच उंच जागा मिळाली.

सहा वाजले. पहिली अकरा सेकंदं
आम्ही शांतता प्रसारित केली.
फेडर खालीच राहिला होता.
आयर्लिसनं चहाच्या चमच्यानं माझं कोपर ठोकलं.
मी म्हणालो, सुप्रभात.
दोन सेकंदांनी कोपऱ्यातला रेडिओ म्हणाला, सुप्रभात,
माझ्याच आवाजात, पण जरा जास्त खात्रीनं.
या उशिराची सवय व्हायला वेळ लागेल.
बोलून झालेलं पुन्हा येतं,
आणि तोवर आपण पुढच्या वाक्यात असतो.

पहिलं गाणं कोणतं, यावर महिनाभर भांडण.
प्रत्येकाकडे एक अजरामर गाणं होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं.
मग मंगळवारी नेरिस आली,
बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला, काही बोलली नाही.
आत तुझी कॅसेट. तुझ्या गॅरेजमधली.
पेन्सिल घालून सैल फीत गुंडाळली,
तेव्हा माझ्या बोटांना आठवलं ते मला आठवत नव्हतं.

आपल्या बँडचं नाव इतकं भिकार होतं
की मी ते सांगताना अर्धं गिळलं.
मग बटण दाबलं.

आणि डिल्विन, आधी आली ती खरखर.
फितीची, जुनी, भरघोस,
कांदा तळायला टाकल्यासारखी.
जिथे खरखरीला जागाच नाही म्हणतात त्या लहरींवर
ती निघाली, एकही कण न सांडता,
चॅपलवरून, बंद पत्रा कारखान्यावरून,
नेरिसच्या ओट्यावरल्या नव्या रेडिओपर्यंत.
त्यातून तू चार मोजलेस, काठ्या आपटून.
गिटार बेसूर होती. माझीच.

सहा वाजून नऊ मिनिटांनी पहिला निरोप आला,
पावाची गाडी चालवणाऱ्या कोणा माणसाचा.
गाणं बरं आहे, त्यानं लिहिलं होतं,
पण तिसऱ्या मिनिटाला भुंकतो
तो कुत्रा कोणाचा?